हातांवर बसा

"हातांवर बसा," जगदाळे उस्ताद म्हणाले.

आम्ही आठजण तोफेपासून पाच पावलं मागे सरकलो आणि गोळ्यांच्या रिकाम्या पेट्यांवर ओळीने बसलो, दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून. एकाहत्तर सालचा डिसेंबर, पंजाबची सरहद्द, सकाळचे साडेआठ. धुकं इतकं की शेजारची चार नंबरची तोफ नुसती काळी पट्टी दिसत होती. टेलिफोनवर नुकताच हुकूम आला होता, की गोळाबारी थांबवा, कुणीही तोफेला हात लावू नका. आपला एक गोळा पुढच्या खेड्यात, आपल्याच माणसांत पडलाय.

आमच्या सहा तोफा एका ओळीत उसाच्या कापलेल्या फडात मांडलेल्या. सहापैकी कुणाचा गोळा तिकडे गेला ते ठाऊक नव्हतं. अशा वेळी तोफखान्याचा कायदा सरळ असतो. तोफ जशी आहे तशी सोडायची, माणसांनी लांब व्हायचं, आणि साहेब एकेका तोफेवर येऊन स्वतः आकडा वाचणार. माणसांनी लांब कसं बसायचं हे मात्र कायद्यात नाही, ते आमच्या उस्तादांचं होतं. हवालदार जगदाळे, माण तालुक्यातला माणूस, तोफेचे प्रमुख. बोलणं कमी, मिशा जास्त. ते म्हणायचे, "माणसाचं मन आवरतं, पण हात आवरत न्हाई. म्हणून त्याच्यावर बसायचं." एरवी आम्ही या गोष्टीवर पोटभर हसायचो. त्या सकाळी कुणी हसलं नाही.

मी दिनकर शेडगे, पाटणकडचा. त्या तीन नंबरच्या तोफेचा लेयर. म्हणजे तोफेचं तोंड नेमकं कुठे वळवायचं ते माझ्या हातात. गोळा भरणारे, दारू भरणारे, दोर ओढणारे वेगळे. पण गोळा जाणार कुठे ते माझ्या दोन डोळ्यांवर. सहापैकी कुणाचा हा प्रश्न बाकीच्यांना असेल, मला नव्हता. पेटीवर बसल्या क्षणी मला वाटलं, माझाच.

आणि गोळा पडला होता त्या खेड्यात माझे दाजी होते.

दाजी म्हणजे आमच्या हिराअक्काचे मालक, यशवंतराव. पायदळात नाईक. तीन दिवसांपूर्वी त्यांची पलटण आमच्या फडाशेजारून पुढे गेली, तेव्हा ते पाच मिनिटं रांग सोडून आले. अक्काने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू त्यांनी मला अर्धे दिले. तोफेच्या नळीवर हात फिरवत म्हणाले, "पाव्हणं, ही जड बाई आमच्या डोक्यावरनं गोळं टाकणार म्हणा की."

"पंधरा-वीस किलोमीटर पलीकडे टाकते, दाजी. तुम्हाला कळणारही नाही."

"कळलंच न्हाई तर बरं," दाजी म्हणाले आणि हसले. "तुझ्या अक्कानं सांगितलंय, दिनूवर लक्ष ठेवा. आता तूच आमच्यावर ठेव."

ते गेले. दोन दिवसांनी त्यांच्या पलटणीने नदीपलीकडचं एक खेडं घेतलं. त्या खेड्याच्या डाव्या अंगाला दीड किलोमीटरवर नदीचं वळण, आणि त्या वळणावर शत्रूचे रणगाडे जमत होते. सकाळी आम्ही मारत होतो ते त्या वळणावर.

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायचं तर थोडं तोफेचं सांगावं लागेल. लेयरसमोर एक दुर्बीण असते आणि तिला दोन चकत्या. मोठी चकती शेकडे दाखवते, छोटी चक्री सुटे आकडे. छोटीचा एक पूर्ण फेरा म्हणजे मोठीवर शंभर. हुकूम येईल तो आकडा दोन्ही मिळून लावायचा, मग नळी फिरवून दुर्बीण पुढे रोवलेल्या खुणेच्या काठीवर आणायची. झालं. पण आकडा शेकड्याच्या अगदी जवळ आला की फसगत होते. लहान पोराला दहाला पाच कमी असताना घड्याळ दाखवा. तासाचा काटा दहाला टेकलेला बघून ते सांगतं, दहा वाजून पंचावन्न. तशीच ही शंभराची चूक. घड्याळात तास चुकतो, इथे पंधरा किलोमीटरवर गोळा दीड किलोमीटर बाजूला पडतो.

सकाळचा शेवटचा आकडा होता दोन हजार सत्त्याण्णव. मोठ्या चकतीवरचा काटा एकविसाला जवळजवळ चिकटणार, पण धरायचा विसांत. माझी बोटं थंडीने वाकत नव्हती, काचेवर धुकं बसत होतं, आणि टेलिफोनवरचा माणूस ओरडत होता, लवकर, लवकर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी आकडा लावला, ओरडून सांगितला, तयार म्हणालो. पण तो लावताना काटा एकविसाच्या अलीकडे होता की पलीकडे, ते मला आठवेना. डोळ्यांसमोर नुसतं एकवीस दिसत होतं. एकवीस म्हणजे गोळा उजवीकडे दीड किलोमीटर. म्हणजे थेट खेड्यात.

आणखी एक गोष्ट होती. मी आकडा ओरडला की उस्ताद माझ्या खांद्यावरून वाकून चकती बघत आणि माझ्या पाठीवर एक थाप मारत. थाप पडली की मगच पुढचं काम. ती त्यांची पद्धत, कधी चुकली नाही. पण त्या नव्या आकड्यासाठी तोफेची शेपटीच, म्हणजे मागे जमिनीवर टेकलेला लांब दांडा, उचलून सरकवावी लागली होती. चिखलात रुतलेली ती जड शेपटी सगळ्यांनी मिळून उचलली, आणि उस्तादांनी स्वतः पहारीला खांदा लावला होता. मी तयार म्हणालो, ते मागूनच म्हणाले, "चालू दे." गोळा गेला. त्या गोळ्याला माझ्या पाठीवर थाप पडली नव्हती.

हे फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि त्यांना.

"दिन्या," शेजारून बाबू मुळीक कुजबुजला. बाबू आमचा गोळा भरणारा, कराडचा. तोंडाला टाळं नसलेला माणूस. "तुझा चेहरा बघ की. चोराच्या मनात चांदणं."

"गप."

"किती लावलं होतंस?"

"सांगता येत नाही."

बाबू गप्प झाला. बाबू गप्प झाला म्हणजे प्रकरण गंभीर.

धुक्यातून कुरियन साहेबांचा आवाज येत होता. कॅप्टन कुरियन केरळचे. तीन वर्षं आमच्यात राहून मोडकंतोडकं मराठी बोलायचे, शिव्या मात्र अस्सल. ते एक नंबरच्या तोफेवर होते. मग दोन नंबर, मग आम्ही. माझ्या अंदाजाने दहा मिनिटं होती.

तेवढ्यात मागच्या खड्ड्यातला टेलिफोन वाजला. उस्ताद उठले. "कुणी हलायचं न्हाई," म्हणाले आणि खड्ड्याकडे गेले.

बाबूने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जा," तो हळूच म्हणाला. "नुसतं बघून ये."

मी उठलो. आज इतक्या वर्षांनी सांगतो, मी बघायला उठलोच नव्हतो. बघायचं काय, माझी खात्रीच झाली होती. मी दुरुस्त करायला उठलो होतो. छोट्या चक्रीचा एक फेरा मागे. शंभर कमी होतात आणि चक्री परत सत्त्याण्णववरच येते. मग नळीचं चाक फिरवून काठी पुन्हा दुर्बिणीत आणायची. अर्ध्या मिनिटाचं काम. साहेब येतील, दोन हजार सत्त्याण्णव वाचतील, ठीक म्हणतील, पुढे जातील. अक्काला कधी कळणार नाही. मी तिच्या दारात उभा राहू शकेन. बाकी काही माझ्या डोक्यात नव्हतं, दाजी जिवंत आहेत की नाहीत हेसुद्धा नाही. याची लाज मला आजही वाटते.

पाच पावलं. मी चक्रीवर हात ठेवला. पितळ इतकं गार होतं की बोटं चिकटल्यासारखी झाली. काचेवर दव साचलेलं, आतला आकडा दिसत नव्हता, आणि मला ती काच पुसायचीही नव्हती. नुसता फेरा द्यायचा होता.

"दिनकर."

उस्ताद खड्ड्याच्या तोंडाशी उभे होते. ओरडले नाहीत. गुरं घरी बोलवावीत तशा आवाजात म्हणाले, "हिकडं ये. माझ्या शेजारी बस."

माझा हात चक्रीवरच होता. "उस्ताद, त्या गावात माझे दाजी आहेत."

"ठाऊक हाय."

"माझ्याकडून शंभराची चूक झालीय. नक्की झालीय."

"झाली असंल तर झाली. ती हाय तिथं ऱ्हाऊ दे."

"तुम्ही पण थाप दिली नव्हती," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं, पण बोललो.

उस्तादांनी मान हलवली. "न्हवती दिली. साहेब इचारतील तवा मी सांगन. तू बी सांग." मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्या तोफेनं कुणाचा जीव घेतला असंल, तर त्याच्या घरच्यांना ते कळायला नगं का? अक्काला कळायला नगं?"

मी हात काढला. पितळाचा गारठा बोटांत तसाच राहिला. मी येऊन बसलो. उस्ताद माझ्या शेजारी बसले, आणि त्यांनी आपलेही दोन्ही हात मांड्यांखाली घातले. त्यांना तसं बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी उभे असत.

त्यानंतरची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बाबू तोंडातल्या तोंडात मारुतीस्तोत्र म्हणत होता आणि दर दोन ओळींनी चुकत होता. मी दाजींचे लाडू आठवत होतो. अर्धे दिले होते त्यांनी, मोजून नाही, मुठीने.

कुरियन साहेब आले. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले, डोळे लाल. आमच्याकडे पाहिलं. आठ माणसं आणि एक हवालदार, सगळे हातांवर.

"साहेब," उस्ताद उभे राहिले, "शेवटचा आकडा मी तपासला न्हवता. शेपटीशी होतो."

"साहेब, माझ्याकडून शंभराची चूक झाली असणार," मी म्हणालो.

"असणार म्हणजे? आहे की नाही?"

"मी बघितलं नाही, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे एक क्षण रोखून पाहिलं. मग तोफेकडे गेले, खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. वाकले. दुर्बिणीतून काठी बघितली. मग मोठी चकती बघितली, डोकं तिरकं करून पुन्हा बघितली. मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. त्या थंडीत त्यांनाही घाम.

"वीस," ते म्हणाले. "वीस... आणि सत्त्याण्णव. दोन हजार सत्त्याण्णव." त्यांनी हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "बरोबर आहे. तीन नंबर तोफ बरोबर."

मी उभाच राहिलो. बाबूने मांडीखालचे हात काढले, त्यात तोंड लपवलं आणि हसायला लागला, की रडायला, ते त्यालाच ठाऊक. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. पडतो तेव्हा आवाजसुद्धा होतो.

आणि मग, दोन श्वासांनंतर, दुसरी गोष्ट कळली आणि मी पुन्हा हातांवर बसलो. मी एक फेरा दिला असता तर साहेबांनी वाचलं असतं एकोणीसशे सत्त्याण्णव. बरोबर असलेली तोफ मी माझ्या हाताने चुकीची केली असती. आधी बरोबर होतं, मीच फिरवलं, हे सांगून कोण ऐकणार होतं? चुकलेली तोफ सापडली की पुढे कुणी शोधत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं बाबू नंतर महिनाभर मला म्हणत असे.

साहेब चार, पाच, सहा नंबरवर गेले. सगळ्या तोफा बरोबर निघाल्या. परत येताना ते आमच्याच खड्ड्यातल्या टेलिफोनवर बसले आणि पुढच्या लोकांना म्हणाले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हिंदीत म्हणाले, की माझ्या सहाच्या सहा तोफा मी स्वतः पाहिल्यात. गोळा आमचा नाही. जाऊन खड्डा बघा.

तासाभराने उत्तर आलं. धुकं विरळ झालं होतं, उसाच्या थोटकांवर ऊन पडलं होतं. खड्डा बघितला होता. माती ज्या बाजूला उडाली होती त्यावरून गोळा पश्चिमेकडून आलेला. शत्रूचाच. आमच्या गोळ्यांच्या वेळा धरून तो मधूनच एखादा टाकत होता, म्हणजे आमच्या पायदळाला वाटावं की आपलेच लोक आपल्याला मारतायत आणि त्यांनी आमचा मारा थांबवावा. दीडेक तास त्याने तो थांबवलाही. गोळा एका गोठ्यावर पडला होता. दोन जवान जखमी, मेलं कुणी नाही.

दाजींचं नाव जखमींत नव्हतं. मी तीनदा विचारलं. टेलिफोनवरचा माणूस वैतागून म्हणाला, "अरे बाबा, नाही म्हटलं ना."

लगेच पुन्हा हुकूम आला, त्याच वळणावर, तोच आकडा. मी दुर्बिणीला डोळा लावला. मागून उस्ताद वाकले, चकती बघितली, आणि माझ्या पाठीवर थाप पडली. नेहमीपेक्षा जोरात पडली, पाठ दुखली.

युद्ध थांबल्यावर दाजी आमच्या फडात आले. उरलेले लाडू त्यांनी अजून जपून ठेवले होते, दगड झालेले. मला बघून पहिलं वाक्य काय, तर, "पाव्हणं, त्या दिवशी तुमच्या नावानं मी अशा शिव्या घातल्यात की तुमची अक्का ऐकती तर माहेराला निघून जाती."

"मग?"

"मग काय. तुमच्या साहेबानं सांगितलं खड्डा बघा. आमच्या साहेबानं मलाच धाडलं. बघतो तर माती सगळी आपल्या बाजूला उडालेली. तिथंच कान धरलं." त्यांनी खरंच आपले कान धरून दाखवले. मी त्यांना मिठी मारली. दाजींना मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नाही, पण मारली.

चक्रीवर ठेवलेल्या हाताचं मी त्यांना सांगितलं नाही. अक्कालाही कधी सांगितलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, एका उन्हाळ्यात माणला गेलो. जगदाळे उस्ताद थकले होते. मिशा पांढऱ्या, डोळ्यांना कमी दिसत होतं. ओसरीवर बाजेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं. म्हणाले, "तीन नंबर."

इकडचं तिकडचं झालं. बाबू कसा आहे, दाजी कसे आहेत, कुरियन साहेब केरळला रबराच्या बागेत कसे रमलेत. मग मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "उस्ताद, त्या दिवशी तुम्ही मला थांबवलंत. तुम्हाला खात्री होती का, आकडा बरोबर आहे म्हणून?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"खात्री?" ते म्हणाले. "दिनकर, मला वाटत हुतं एकवीसच लागलंय. तुझ्यापरीस जास्त."

"मग?"

"फोन कवाच झाला हुता. मी खड्ड्याच्या तोंडाशी उभा हुतो. तू उठलास, चाललास, हात ठेवलास, सगळं बघत हुतो." त्यांनी घसा खाकरला. "हाक मारायला एवढा उशीर का झाला, ते तू कधी इचारलं न्हाईस. मला वाटत हुतं, पोरगं फिरवील तर फिरवू दे. थाप मी चुकवली हुती. मी बी वाचीन."

मी बाजेवर त्यांच्याकडे वळलो.

"तेवढ्यात तुझी बोटं दिसली, पितळाला चिकटलेली. म्हटलं, ही आता जन्मभर सुटायची न्हाईत. मग हाक मारली." ते हसले, पण नीट हसता आलं नाही. "आन् येऊन हातावर बसलो. तुला वाटलं आसंल, सोबतीला बसलो. सोबतीला न्हाई, बाबा. मी उठून ती चक्री फिरवू नये म्हणून बसलो हुतो."

माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला खूप हलकं वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या फडात एकच माणूस मोहात पडला होता.

सून चहा घेऊन आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बोलताना आम्ही दोघंही बाजेवर हात मांड्यांखाली घालून बसलो होतो. उस्तादांनी आपले हात बाहेर काढले आणि कप घेतला. मग दुसरा हात लांबवून, अंदाजाने, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "घे, गार व्हायच्या आत."